तेलाचा शेवटचा हात

पिराजी गवळी म्हैस धुवायला बसला की शिवाजी पेठेतली पोरं शाळेला उशीर झाला तरी थांबून बघायची. आधी नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासायचं, मग पाणी, मग पुन्हा घासायचं, आणि शेवटी घाण्याच्या शेंगतेलाचा हात. शिंगांना तेल, खुरांना तेल, पाठीला तेल. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून रस्त्यावर काढल्या की पिराजीची म्हैस लांबूनच ओळखू यायची, अशी चकाकायची. ‘तेल लावल्याबिगर धुणं पुरं होत न्हाय’ हे त्याचं बोलणं घरात सगळ्यांना पाठ होतं. पुढं गुडघ्यांनी दगा दिला, म्हशी विकाव्या लागल्या आणि गोठ्याच्या जागी सुनेची गाडी उभी राहायला लागली. पण हाताची सवय ती हाताची सवय. म्हशी गेल्या, हे तिला कोण सांगणार?

त्या आठवड्यात घरात नुसता दंगा चालला होता. सून अनुजा नर्स होती. तिला रत्नागिरीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. नवरा, म्हणजे पिराजीचा मुलगा सम्राट, आधीपासून तिकडंच कारखान्यात. महिन्याकाठी कधीतरी यायचा, तोवर लेकीनं बापाला फोनमध्येच बघायचं. अनुजानं ठरवलं, आता आपणच जायचं. सामान टेंपोनं पुढं धाडलं. सम्राटला रजा मिळेना, तेव्हा सहा वर्षांच्या उर्वीला घेऊन मी स्वतः गाडी चालवत जाते म्हणाली. आंबा घाट उतरून. एकटी.

इथं पिराजीचं डोकं सटकलं.

“बाईमाणसानं घाट उतरायचा? डोस्कं फिरलंय का तुझं?”

“आबा, घाटाला काय कळतंय, चालवणारा बाप्या हाय का बाई?”

झालं! त्या दिवसापासून म्हातारा इरेला पेटला. एकदा गाडीची चावी तांदळाच्या डब्यात लपवली. ती त्याची बायको शालूबाईनं भात टाकताना काढून सुनेच्या हातात दिली. मग त्यानं हुकमाचं पान टाकलं. बाहेरून आला आणि टोपी काढता काढता म्हणाला, “कोपऱ्यावरच्या ऋतुराजनं गाडी बघितली. ब्रेक गेल्यात म्हणाला. घाटात न्हेऊ नकोस.” ऋतुराज गॅरेजवाला, पोरगा गुणी, त्यानं गाडीकडं ढुंकूनही बघितलेलं नव्हतं. अनुजानं चावी उचलली. गाडी घेऊन सरळ वर्कशॉपला गेली, सगळं तपासून आली आणि सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“ब्रेक ठणठणीत हायत. खोटं बोलायचं तर दुसऱ्या कशावर तरी बोला, आबा. ब्रेकवर न्हाय.”

तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण ‘जेवायला या’ हा निरोप उर्वीच्या तोंडी यायचा. पिराजीला हे लई लागलं. भांडलेलं चाललं असतं त्याला. हे गप्प राहणं झोंबत होतं.

जायच्या आदल्या दुपारी शालूबाई म्हणाली, “अवो, पोरगी जायची ती जाणारच. तिला तोंड फिरवून धाडायची का हसून, तेवढंच तुमच्या हातात हाय.”

आता माफी मागायची म्हणजे काय करायचं, हे पिराजीला कुणी शिकवलेलंच नव्हतं. तो उठून परड्यात आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चाकांपाशी थांबला. चांदीच्या रंगाची चाकं पार काळवंडली होती. काजळीवर तांबूस पुटं, आणि ती पुटं अशी भाजून बसलेली की नखानं खरवडली तरी हलेनात. ब्रेक घासला की त्याची पूड उडते, चाक तापलेलं असतं, त्यावर ती चिकटते आणि रोजच्या रोज भाजत जाते, असं ऋतुराज कधीतरी म्हणाला होता. पिराजीनं बाही सारली. हे काम आपलं. बोलायचं नाही, नुसतं घासायचं.

पाण्याची धार मारली, काही नाही. साबण लावला, वरची धूळ तेवढी गेली. नारळाची शेंडी घेतली, जोर लावला, घाम फुटला, पण पुटं हसत बसलेली. शेवटी ऋतुराजकडं गेला. त्यानं एक बाटली दिली आणि बजावलं, “तात्या, चाक गार असू दे. सावलीत मारा. आणि औषध चाकावर सुकू देऊ नका, न्हायतर डाग पडतील.” फवारा मारल्यावर जरा वेळानं चाकातून जांभळं पाणी गळायला लागलं. उर्वी ओरडली, “आबा, चाकाला रक्त आलं!” पिराजी हसला. त्या आठवड्यातलं ते पहिलंच हसणं. जुना दात घासायचा ब्रश घेऊन त्यानं चाकाच्या एकेका आऱ्याच्या मागं हात घातला, खाचाखोचा कोरून काढल्या, पाणी ओतलं, पुन्हा फवारा, पुन्हा ब्रश. ऊन उतरेपर्यंत गुडघे बोंबलत होते, पण चाकं अशी निघाली की त्यात तोंड बघून घ्यावं.

सकाळी अनुजाच्या आधी उठून तो आपलं काम बघायला गेला आणि जागीच थबकला. चाक लखलखत होतं. पण त्याच्या आऱ्यांतून आत जी लोखंडी चकती दिसते, ती रात्रीतून नारिंगी झालेली. गंज! पिराजीनं धुतलेल्या गाडीला गंज! ह्या घरातून सून जायची आणि वाटेत कुणी म्हणायचं, कुणी धुतली ही गाडी? ऋतुराजला विचारावं तर त्याचं गॅरेज अजून उघडलेलं नव्हतं. आणि विचारायचं तरी काय? गंजाला काय लागतं हे काय त्याला माहीत नव्हतं? त्यानं स्वयंपाकघरातनं शेंगतेलाची बाटली आणली, धोतराच्या फडक्याचा बोळा केला आणि आऱ्यांतून बोटं घालून पुढच्या दोन्ही चकत्या अशा पुसल्या की नारिंगी रंग गेला आणि लोखंड काळंभोर चमकायला लागलं. शेवटचा हात बसला. धुणं पुरं झालं.

अनुजा बाहेर आली. चाकांकडं बघून थांबली.

“चाकं...”

“धुतली,” पिराजी म्हणाला.

“लई छान निघाल्यात.” आठवड्यात ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. मग वाकून पाया पडली. पिराजीला काहीतरी बोलायचं होतं. “सावकाश जा,” एवढंच निघालं. उर्वीनं मागच्या काचेतून हात हलवला. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा लाल दिवा लागला, पण गाडी जिथं थांबायला हवी होती त्याच्या जरा पुढं जाऊन थांबली. पिराजीनं ते बघितलं. बघितलं आणि सोडून दिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अर्धी सकाळ तशीच गेली. तो कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चाकांची गोष्ट सांगत होता. तेवढ्यात परड्यातून शालूबाईची किंकाळी आली. तो धावला. ती खांबाला धरून कशीबशी उभी होती, हातातली घागर आडवी.

“फरशीवर तेल कुणी सांडलंय? पाय ठरंना की माझा! कंबरडं मोडलं असतं आत्ता!”

“कालवा करू नकोस, चाकाला लावताना सांडलं असंल,” तो म्हणाला आणि फडकं आणायला वळला. वळला आणि तसाच उभा राहिला.

पाय ठरंना.

तरणा होता तेव्हा तो सायकलीला दुधाच्या किटल्या अडकवून घरोघर फिरायचा. एकदा साखळीला तेल घालताना ते चाकाच्या कडेला लागलं होतं. पंचगंगेकडं जाणाऱ्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला, रबर चाकावरून नुसतं सरसरत गेलं, आणि पिराजी, सायकल, दूध, सगळं समोरच्या भिंतीवर. ब्रेक तिथंच धरतो. जिथं धरतो तिथंच तेल. आणि आज सकाळी त्या काळ्याभोर चमकणाऱ्या चकतीवर...

“शाले!” त्याच्या तोंडून बायकोचं हे नाव कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. “गाडी थांबवाय पायजे. पोरी घाटात मरतील!”

त्यानं अनुजाला फोन लावला. वाजला आणि तिनं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तर वाजायच्या आधीच कापला. मग सम्राटला लावला.

“तिला थांबव. ब्रेक धरणार न्हाईत तिचं.”

“आबा, परत ब्रेक?” पोराचा आवाज चढला. “अर्ध्या वाटंवर गेली ती. आता तरी सुखानं जाऊ द्या तिला. बास करा!”

फोन बंद. आजवर घरात त्याचा शब्द खाली पडला नव्हता, आणि आज खरा शब्द घ्यायला कुणी तयार नव्हतं. दोष कुणाला देणार? आपल्याच हातानं माती केली होती.

शालूबाईनं शेजारच्या पोराला ऋतुराजकडं पिटाळलं आणि आपल्या फोनवरून सुनेला लावला. अनुजानं लगेच घेतला.

“बोला आई.”

“कुठं पोचलीस, बाळा?”

“आंब्याच्या जवळ आले. आता घाट लागंल, रेंज जाईल. बोला लवकर.”

पिराजीनं फोन ओढून घेतला. “अनुजा, गाडी थांबव!”

पलीकडं नुसता गाडीचा घोंघाट. मग तिचा आवाज आला, थंडगार. “आता आईंच्या फोनवरनं व्हय?”

“ब्रेकला...”

“ब्रेकचं नाव काढू नका, आबा. सकाळी मला वाटलं तुमचं मन पालटलं. चाकं बघून मला रडू आलतं. आणि तुम्ही अजून तेच!”

ती आता कापणार, हे त्याला कळलं. ओरडला असता तर कापलाच असता. पण ओरडायला आवाजच उरला नव्हता.

“ऐक, पोरी. त्या दिवशी मी खोटं बोललो. ऋतुराजनं गाडी बघितलीच नव्हती. तू जाऊ नयेस म्हणून बोललो. पण आज सकाळी चकतीवर गंज दिसला, तर मी तेल लावलं. शेंगतेल. म्हशीला लावतो तसं. माझ्या ह्या हातानं. माझं चुकलं. मला शिव्या घाल, जन्मभर बोलू नकोस, पण थांब.”

मग मागच्या सीटवरून उर्वीचा बारीक आवाज आला, “आई, मी मघाशीच म्हणालते की. भज्यांचा वास येतोय.”

“आबा...” अनुजाचा आवाज पालटला होता. “ब्रेक मघापासनं नीट धरत न्हाय. मला वाटलं, धुतल्यामुळं ओलं असंल... आबा, उतार लागला...”

फोन तुटला.

पुन्हा लावला. संपर्काबाहेर. पुन्हा. संपर्काबाहेर. पिराजी खाली बसला. थांब म्हणालो, पण ती थांबणार कशानं? थांबायचं साधन तर आपणच काढून घेतलं. त्यानं हाताचा वास घेतला. सकाळपासून दोनदा धुतले होते, तरी शेंगतेलाचा वास येत होता. शालूबाई फरशीवरचं तेल पुसायला लागली. ती त्याला शिव्या देती तर बरं झालं असतं.

ऋतुराज मोटरसायकल घेऊनच आला. दोन शब्दांत सगळं ऐकलं, तोंडचं पाणी पळालं त्याच्या. “तात्या, चकतीला आवळणाऱ्या पॅडनं तेल पिलं की ते धरतच न्हाई. गंज तर पहिला ब्रेक दाबल्यावरच गेला असता की वो!” एवढं बोलून तो गॅरेजकडं पळाला. नवीन पॅड, हत्यारं, पेट्रोलची बाटली पिशवीत भरली. “बसा.”

पिराजी मागं बसला, फोन मुठीत धरून. रस्ता कुठं गेला त्याला कळलं नाही. बांबवडे मागं पडलं, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. ऋतुराजनं गाडी कडेला घेतली.

“पिराजी गवळी का?” रांगडा आवाज होता.

“बो... बोलतोय.”

“पावणं, आंब्यातनं बोलतोय, हाटेलवाला. तुमच्या सूनबाईंची गाडी...” खरखर. “...खडीच्या...” खरखर. “...बारकी पोरगी...”

आवाज गेला. पिराजीनं ‘हॅलो, हॅलो’ म्हणून घसा फोडला. त्या नंबरावर उलटा लावला तर तो लागेना. खडीच्या काय? बारकी पोरगी काय? ऋतुराजनं काही न विचारता गाडी पुन्हा पळवली. पिराजी आयुष्यात देवाला कधी काही मागायला गेला नव्हता. दुधाचा नैवेद्य दाखवायचा आणि आपल्या कामाला लागायचा. त्या वाटेवर मात्र त्यानं जोतिबाला हात जोडले आणि म्हणाला, मला न्हे. माझ्या गुडघ्याचा काय उपयोग हाय तसाही. मला न्हे आणि त्यांना सोड.

मलकापूर गेलं, आंबा आलं. गावाच्या पुढं, घाट सुरू व्हायच्या तोंडाशी, रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकला होता, आणि त्यात गाडीचं तोंड खुपसलेलं. बंपर फुटलेला. पलीकडच्या टपरीच्या बाकावर उर्वी बसली होती, बिस्कीट चहात बुडवत. आणि गाडीला टेकून अनुजा.

पिराजी मोटरसायकलवरून उतरला तो जवळजवळ पडलाच. “लागलं न्हाय न्हवं?” त्यानं तीन-चारदा तेच विचारलं.

“न्हाय.” अनुजानं फुटलेल्या बंपराकडं बोट केलं. “गियर कमी करत आणली. हँडब्रेक ओढला. पुढं वळण दिसलं, म्हटलं घाटात जाण्यापरीस खडीत गेलेलं बरं.” ती थांबली. “तुमचा फोन आला नसता तर मी ब्रेकवर भरवसा ठेवून तशीच खाली उतरले असते.”

पिराजीनं हात जोडले. तिनं ते हात धरून खाली केले.

तेवढ्यात तिच्या फोनला रेंज आली आणि सम्राटचा फोन आला. शालूबाईनं त्याला सगळं सांगितलं होतं; बायकोचा आवाज ऐकून तो रडायलाच लागला. मग म्हणाला, “माघारी फिर. गाडी तिथंच ठेव. मी रविवारी येतो, मग बघू.” शालूबाईचाही फोन आला, तीही म्हणाली, घरी ये. अनुजानं फोन खाली घेतला आणि सासऱ्याकडं बघितलं. आठवडाभर ज्यासाठी त्यानं चावी लपवली, खोटं बोलला, ते आता त्याच्या पुढ्यात वाढून ठेवलेलं होतं. नुसतं ‘चल’ म्हणायचा अवकाश.

तो चाकांकडं वळला. ऋतुराजनं चाकं काढली, पॅड बाहेर काढले. तेल पिऊन ते काळे ओशट झाले होते. पिराजी त्या गुडघ्यांनी रस्त्यावर बसला, पेट्रोलमध्ये फडकं भिजवलं आणि चकती पुसायला लागला. पुढून पुसली, मागून पुसली, फडकं बदललं, साबण मागून घेतला, गरम पाणी मागून घेतलं, पुन्हा पुसली. बोटानं दाबून बघितलं, वास घेऊन बघितला. टपरीवाला म्हणाला, “पावणं, झिजंल की ती!” पिराजीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ऋतुराजनं नवीन पॅड बसवले, गाडी मागंपुढं घेतली, पुन:पुन्हा ब्रेक मारून दाखवला. करकचून धरत होता.

“मग?” अनुजा म्हणाली. “काय करू, आबा? माघारी फिरू?”

“उद्या तुझी ड्युटी हाय न्हवं?”

“हाय.”

“मग जा.” त्यानं हात फडक्याला पुसले. “चाकं परत घाण झाल्यात तेवढी. तिकडं कुणाकडनं तरी धुवून घे. आणि तेल लावू देऊ नकोस कुणाला.”

अनुजानं डाव्या बाजूचं दार उघडलं.

“बसा पुढं.”

“मी? आणि माघारी कसा येऊ?”

“यस्टी हाय की. तुम्हीच पुसलीय चकती, तुम्हीच बसा.”

बाईमाणूस चालवत असलेल्या गाडीत पिराजी जन्मात बसला नव्हता. तो बसला. ऋतुराजनं हात केला आणि माघारी वळला. गाडी घाटाला लागली. एका अंगाला दरी, खाली झाडांची टोकं. पहिल्या वळणावर खालून एक ट्रक अर्धा रस्ता खात वर आला. पिराजीचा उजवा पाय आपसूक खाली गेला आणि त्यानं गाडीचा पत्रा जीव खाऊन दाबला. अनुजानं ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. ट्रक घासून निघून गेला.

“आबा,” मागून उर्वी म्हणाली, “तुम्ही कशाला पाय दाबताय? ब्रेक आईकडं हाय.”

अनुजा हसली. पिराजीनं खाली बघितलं आणि पाय मागं घेतला.